बत्तीस फुटांचा फरक

मास्तर, सरपंचांनी तुमची श्रद्धांजली मला टाईप करून आणायला सांगितली आहे. उद्या पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं की तुमच्या नावानं दोन मिनिटं सगळे उभे राहणार आणि मग मी ते वाचायचं. "एकच पान कर, मंदाताई. जन्म कधीचा, नोकरी कुठं कुठं झाली, हिरी मापायचं काम किती वर्सं केलं, येवढं घाल. कॉम्प्युटरवर ठळक अक्षरात काढ," असं ते म्हणाले. मी बरं म्हणाले आणि पंचायतीच्या खोलीत जाऊन त्या मशीनसमोर बसले. पडद्यावर तुमचं नाव टाईप केलं, शमुवेल मास्तर, आणि पुढं एक अक्षर सुचेना. ज्या यंत्रानं तुमचं नाव घालवलं त्याच्यावरच तुमची श्रद्धांजली टाईप करायची, इतकी कोडगी मी अजून झालेली नाही. बघा, अजूनही यंत्रानं घालवलं असंच लिहितेय. मी घालवलं, मास्तर. मशीन बंद केलं आणि घरी आले.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. हे मी तुमच्याच वहीत लिहितेय. तुमच्या मार्थाबाईंनी काल ती माझ्या हातात ठेवली. "ह्यात त्यांच्या सगळ्या हिरी हायेत. माझ्या काय कामाच्या? तू ठिव," म्हणाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. दर महिन्याला एक पान, एक्केचाळीस विहिरी, मालकाचं नाव आणि पुढं फूट. शेवटचं पान फेब्रुवारीचं आहे. त्याच्यानंतर वही कोरी. ती कोरी का राहिली हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि मार्थाबाईंना माहीत नाही म्हणून त्यांनी ती माझ्याच हातात दिली.

तुम्ही मला देवळालीकर म्हणायचात. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्ही आमच्या विहिरीवर मापायला आलात आणि मी विचारलं, "मास्तर, विहिरीत काय पडलंय?" तुम्ही इतके हसलात की दोर हातातून सुटता सुटता राहिला. "ही देवळाली प्रवरेची. ह्यांच्याकडं पाटानं पाणी येतं, उसात सोडतात नि झोपतात. हिला विहिरीचं काय कळणार!" मला राग आला होता. मला राग लवकर येतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण पुढच्या अमावास्येला मीच तुमच्यामागं चालत गेले, तुम्ही मापता कसं ते बघायला.

दोराला फुटाफुटावर गाठ, दहा गाठींनंतर एक लाल चिंधी. टोकाला पितळेचं फुलपात्र, पालथं बांधलेलं. ते खाली सोडत जायचं आणि कान द्यायचा. "श्वास धर. बांगड्यासुद्धा वाजवू नको," तुम्ही म्हणायचात. मग तळातून आवाज यायचा, डुब्ब. पालथं भांडं पाण्याला लागल्याचा. दोर तिथंच कठड्यावर धरायचा, गाठी मोजायच्या आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. मालकानं तो ऐकून "व्हय" म्हणायचं. मगच तुम्ही तो पाटीवर लिहायचात, शाळेतल्या काळ्या दगडी पाटीवर. मालक घरात नसला तर तुम्ही लिंबाच्या सावलीला बसून राहायचात. मी एकदा म्हटलं, आकडा तर मिळालाय, चला की आता. तुम्ही म्हणालात, "ज्याचं पाणी त्यानं व्हय म्हटल्याशिवाय आकडा धरायचा नाही, बाई. मी काय, आज आहे उद्या नाही. त्याला त्या विहिरीवर जगायचंय." मला तेव्हा हा सगळा वेळेचा अपव्यय वाटला होता.

हिवरे बाजारला टेम्पो करून जाऊन आल्यापासून गावाला पाणी मोजायचं वेड लागलं होतं. तुमच्या आकड्यांवर सभा ठरवायची की उन्हाळ्यात चारा कुणी करायचा, कुणी करायचा नाही, आणि टँकर आला तर कुठल्या वस्तीला किती खेपा. बावन्नकशी धरायचे लोक तुमचा आकडा. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं "मास्तरनं सांगितलंय नव्हं?" म्हटलं की गप्प व्हायची. मी कॉम्प्युटरच्या नादाला लागलेली, कर्जतला चार मशीनचा क्लास चालवणारी, रोज एसटीनं जाऊन येऊन करणारी. मला वाटलं, या माणसाचं काम सोपं करावं. खरंच तसं वाटलं होतं, मास्तर. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

नगरहून सुटे भाग आणून मी पंचायतीसाठी ते मशीन जुळवलं, तेव्हा निम्मं गाव बघायला आलं. दोन हजार साल लागलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, हे कुणीतरी पेपरात वाचलेलं. सरपंच म्हणाले, "मंग धा महिन्यांसाठीच आनलाय व्हय ह्यो?" तुम्ही सगळ्यांत मागं उभे होतात. गर्दी हटल्यावर पुढं येऊन एका बोटानं एकेक कळ दाबून बघितलीत. मी तुमच्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. विहिरीचं नाव यायचं, पुढं फूट भरायचे, शेवटी यादी छापून निघायची. तुम्ही दोन दिवसांत शिकलात. आणि मार्चमध्ये मी म्हणाले, "आता वही कशाला? पाटीवरून वहीत, वहीतून मशीनमध्ये, दुप्पट काम. पाटीवरून सरळ इथं भरा." तुम्ही म्हणालात, "वही असू दे गं." मी म्हणाले, "मास्तर, कॉम्प्युटर चुकत नाही. माणूस चुकतो." हेच शब्द होते माझे, आणि ते मी टेचात म्हणाले होते.

तुम्ही वही मिटलीत. पाटीवरून आकडे भरायचे आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसायची. मी पुसायला लावलेली पाटी.

आता त्या मेमरीचं लिहिते. तुमच्याशी भांडण त्याच्यावरूनच सुरू झालं आणि ते अर्धंच राहिलं.

मशीनमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, बोटभर लांबीच्या, हिरव्या. यंत्र ज्या कामात असेल ते तिथं तात्पुरतं लिहून ठेवतं, तुमच्या पाटीसारखं. त्या पट्ट्यांवर शंभर असा वेग छापलेला होता. नवीनच आल्या होत्या बाजारात, नगरच्या दुकानदारानं काचेच्या कपाटातून काढून दिल्या होत्या. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या शंभरावर चालतच नाहीत, सहासष्टवर चालल्यात. बोर्डावर काट्यांची एक ओळ असते, त्यावर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी, तिला जंपर म्हणतात. ती टोपी सहासष्टच्या काट्यांवर बसलेली. सुरू होताना पडद्यावर यंत्राच्या एकूण वेगाचा तीनशे हाच आकडा यायचा, त्यामुळे कुणाला कळलंही नसतं. मी तुम्हाला समजावून सांगितलं, की सहासष्टची साडेचारपट केली तरी तीनशे आणि शंभरची तिप्पट केली तरी तीनशे, बाहेरून सारखंच दिसतं. तुम्ही डोळे मिटलेत, ओठ हलवलेत आणि म्हणालात, "सहासष्ट साडेचारी दोनशे सत्त्याण्णव. तुझं यंत्र तोंडी गणितात तीन मार्क कमी पडतंय." मी चिडून म्हणाले, ते खरं तर साडेसहासष्टच्या थोडं वर असतं. तुम्ही म्हणालात, "मग तसं लिही की. सहासष्ट का लिहितेस?"

पण मी ऐकते थोडीच. ज्याच्यावर शंभर लिहिलंय त्यानं शंभरावर चाललंच पाहिजे, हे माझ्या डोक्यात बसलं. तुम्ही म्हणालात, "चालतंय ना? एक्केचाळीस विहिरी आहेत, बाई. यादी पाच मिनिटांत निघते, ती तीन मिनिटांत निघाली म्हणून काय पाणी वर येणारे?" मी म्हणाले, प्रश्न विहिरींचा नाही, जे लिहिलंय ते पुरं मिळायला पाहिजे. कमी देऊन भागवायचं, चालतंय म्हणायचं, यातच आपण लोक राहिलो. तुम्ही हसून म्हणालात, "लिहिलेलं सगळं खरं असतं का गं?" मी म्हणाले, "छापलंय त्यावर, मास्तर." त्या वाक्यावर भांडण थांबलं, कारण एसटीची वेळ झाली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी टोपी हलवली. मशीन सुरूच होईना. काळा पडदा, नुसता पंखा फिरतोय. मग मी इरेला पेटले. एक पट्टी काढून बघितली, दुसरी काढून बघितली, जागा बदलल्या, सेटिंगमध्ये जाऊन एकेक आकडा सैल केला. दोन दुपारी मी त्या पत्र्याच्या खोलीत बसून काढल्या. वर पत्रा तापलेला, खाली मशीन तापलेलं, मधे मी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुरू झालं. दोन्ही पट्ट्या, शंभरावर. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

माझ्याकडं मेमरी तपासायची एक फ्लॉपी होती. ती घालून सोडली की यंत्र मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितं, परत वाचतं आणि जुळवतं. चूक सापडली की लाल ओळ येते. पहिली फेरी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या फेरीत, मास्तर, एक लाल ओळ आली.

एकच होती. लाखो घरं तपासून एक ओळ. मी तिच्याकडं बघत बसले. खरं तर मला तेव्हाच टोपी परत सहासष्टवर बसवायला हवी होती. क्लासमधल्या पोरींना मी हेच शिकवते, एक चूक म्हणजे चूक. पण तुम्ही संध्याकाळी येणार होतात आणि मला तुम्हाला शंभर दाखवायचं होतं. मी फ्लॉपी काढून घेतली. तुम्ही आलात तेव्हा म्हणाले, "बघा, चालली की नाही?" तुम्ही माझ्या घामेजल्या तोंडाकडं बघून म्हणालात, "चालली बुवा. हरलो मी. चल, मार्थाच्या हातचा चहा घे." आणि मी तुमच्या ओसरीवर बसून तो चहा प्यायले.

त्या अमावास्येला तुम्ही विहिरी मापल्यात, भर दुपारी त्या खोलीत बसून आकडे भरलेत, पाटी पुसलीत आणि यादी छापून पंचायतीत दिलीत. यादीत कौसाबाईच्या विहिरीपुढं बारा आलं. बारा फुटांवर पाणी म्हणजे काठोकाठच. सरपंचांनी यादी बघून तिच्या वस्तीची टँकरची खेप तोडली आणि दुसरीकडं वळवली. अकरा दिवस कौसाबाई डोक्यावर हंडे घेऊन ओढ्यापलीकडून पाणी वाहत होती. एकटी बाई, साठीला आलेली, दारात दोन म्हशी. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी कर्जतला पोरींना माउस धरायला शिकवत होते.

एक मेच्या सभेत ती रिकामा हंडा घेऊन आली. सगळ्यांसमोर तो जमिनीवर ठेवला आणि सरपंचांकडं न बघता तुमच्याकडं बघून बोलली. "मास्तर, तुमी चव्वेचाळीस म्हनला हुता. मी माझ्या तोंडानं व्हय म्हनलं. मंग कागदावर बारा कुठनं आलं? माझं पानी का तोडलं तुमी?"

कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तरला आता दिसत न्हाई." दुसरं कुणी म्हणालं, "वय झालं, आता सोडा म्हनावं." तुम्ही उठलात. चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. मग माझ्याकडं बघितलंत. बायकांच्या बाजूला मी दुसऱ्या ओळीत बसले होते. काय विचारत होतात ते मला कळलं. यंत्र चुकतं का गं, एवढंच. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लाल ओळ आली. खात्री नव्हती अजून, पण आली. मी मान खाली घातली.

तुम्ही म्हणालात, "कौसा, चूक माझी आहे. यंत्र काही चुकत नाही. पाटीवर लिहिताना नाहीतर पाटीवरून वाचताना मीच चुकलो असणार. तुला त्रास झाला, मला माफ कर." मग खांद्यावरच्या पिशवीतून दोर काढलात, फुलपात्रासकट, आणि सरपंचांच्या टेबलावर ठेवलात. कुणी नको म्हणालं नाही. दोर पंचायतीच्या खुंटीला लागला, मशीनच्या वर. त्या दिवसापासून गावात एकही विहीर मापली गेली नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी दोघं पुढं आले. एकाच्या अडतीसचे सहा झाले होते. दुसऱ्याच्या सत्तावीसचे एकोणसाठ. दोघांनीही तुमच्या तोंडून आकडा ऐकून व्हय म्हटलेलं, त्यामुळे दोघांनाही तो पक्का आठवत होता. लोक म्हणाले, मास्तरचं फारच झालं. मी एसटीत खिडकीशी बसून जात होते आणि सहज वजाबाकी करत होते. चव्वेचाळीसातून बारा गेले, बत्तीस. अडतीसातून सहा गेले, बत्तीस. एकोणसाठातून सत्तावीस गेले, बत्तीस. माणूस चुकला तर एकानं चुकतो, दहानं चुकतो, चाराचा सात वाचतो. प्रत्येक वेळी बरोबर बत्तीसनं कुणी चुकत नाही. यंत्र दुपटीनं मोजतं, एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, प्रत्येकाला एकेक घर. त्यातलं बत्तीसचं घर तापलं की कधी गळत होतं, कधी उगाच भरत होतं. तुम्ही चव्वेचाळीस भरलेत, तुम्ही चव्वेचाळीस बघितलेत, आणि जतन होताना माझ्या शंभरवाल्या मेमरीनं त्यातले बत्तीस गिळले.

मी कर्जतच्या स्टँडवर उतरले आणि क्लासला न जाता परत फिरणाऱ्या गाडीत बसले. खोलीचं कुलूप काढून फ्लॉपी घातली. त्या दिवशी ऊन जास्त होतं. लाल ओळी पहिल्याच फेरीत आल्या. मी टोपी सहासष्टवर बसवली, मग एकही ओळ नाही. पट्टीवरचं लेबल नखानं खरवडलं तर खाली दुसरं, फिकट लेबल निघालं. शंभर कुणीतरी वरून चिकटवलेलं होतं. "लिहिलेलं सगळं खरं असतं का गं?" तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. दुकानदाराला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या, पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही. लेबल त्याचं होतं, लाल ओळ मी बघितली होती. आणि मी काय केलं? मशीनचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, कुलूप लावलं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. कुणाला काही सांगितलं नाही.

तुम्हाला सांगायला मी दोनदा आले होते, मास्तर. शपथेवर सांगते, सांगायलाच आले होते. पहिल्या वेळी तुम्ही ओसरीवर बसून उजवा डोळा झाकून कॅलेंडर वाचत होतात, मग डावा झाकून. मला बघून म्हणालात, "ये देवळालीकर. खरं सांग, तू शिकलेली आहेस. माझं डोकं चाललंय का?" तोंडाशी आलेलं होतं सगळं. पण मला कौसाबाईचा हंडा दिसला, सभा दिसली, क्लासच्या पोरींचे बाप दिसले, हिनं गावाला फसवलं म्हणणारे. आणि मी म्हणाले, "तसं काही नाही हो. वय झालं की होतं थोडं. विश्रांती घ्या." थोडं होतं म्हणाले मी. तुमची शंका मीच पक्की करून दिली.

दुसऱ्या वेळी तुम्ही घरी नव्हतात. मार्थाबाई म्हणाल्या, कपडे वाळत घालायची दोरी घेऊन गेलेत कुठंतरी. मी थोडा वेळ थांबले आणि सुटल्यासारखं वाटून निघून आले. कुठं गेला होतात ते काल कळलं. कौसाबाईच्या विहिरीवर मापायला, ती रानात गेलेली बघून. मग घरी येऊन मार्थाबाईंना पाटीवर आकडे लिहायला लावायचात आणि लांबून वाचून दाखवायचात. "समदे बरोबर वाचायचे गं," मार्थाबाई म्हणाल्या. "एक बी चुकत न्हवता. मंग पाटी खाली ठिवून रडायचे. म्हनायचे, इथं चुकत न्हाई तर तिथं कसा चुकलो?" हे त्या मला सांगत होत्या आणि मी त्यांच्या हातात हात देऊन बसले होते. तेव्हाही बोलले नाही. एवढं झाल्यावरही नाही बोलले, मास्तर. मी कसली बाई आहे?

तुमचं हृदय एका दुपारी जेवण झाल्यावर बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, वयच होतं. सगळे तेच म्हणतात. मी स्वतःला हजारदा समजावलं की एखाद्या आकड्यानं माणूस मरत नाही. मग वही उघडते आणि फेब्रुवारीनंतरची कोरी पानं दिसतात, आणि काही समजूत उरत नाही.

मातीला सगळा गाव होता. चर्चच्या मागच्या कबरस्तानात उभं राहायला जागा नव्हती. फादरांनी प्रार्थना केली, आमच्याकडच्या बायकांनी पण हात जोडले. मी कौसाबाईला शोधत होते. ती आली नव्हती.

तुमच्याकडून मला काय मिळालं ते आता लिहायला बसले तर तुम्हीच म्हणाल, गोड बोलून सुटतेस काय. तरी लिहिते. माझ्या माहेरी पाणी नुसतं यायचं. ते किती खाली गेलंय हे कान देऊन ऐकायचं असतं, हे तुम्ही शिकवलंत. नवऱ्याशी कडाक्याचं भांडून मी पिशवी भरून स्टँडवर बसले होते, तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात, एक शब्द विचारला नाहीत, शेंगा सोलून माझ्या हातात देत राहिलात आणि शेवटची गाडी गेल्यावर म्हणालात, "चल, उद्या अमावास्या आहे, दोर धरायला माणूस पाहिजे." मला कॉम्प्युटरवरून हसणाऱ्या या गावात मला विचारणारे, ऐकणारे, माझ्याशी तावातावानं भांडणारे तुम्ही एकटे होतात. आणि तुमच्यावरच मी जिंकायला गेले. इतकी घाई कसली होती मला? तुमचं म्हणणं बरोबर होतं, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायला मला तीन महिने होते.

आज सकाळी मी पंचायतीतून दोर काढला. कुणाला विचारलं नाही. फुलपात्र चिंचेनं घासलं आणि कौसाबाईच्या विहिरीवर गेले. अजून पाऊस नाही, रानं तशीच तापलेली. ती म्हशी सोडत होती. दोर बघून थबकली.

"तू कवापास्नं मापाया लागलीस?"

मी दोर सोडला. श्वास धरला. बांगड्या आधीच मागं सारल्या होत्या. डुब्ब. गाठी मोजल्या आणि म्हणाले, "सत्तेचाळीस." मग दोर तसाच कठड्यावर धरून मी तिला सगळं सांगितलं. मेमरी, टोपी, लाल ओळ, बत्तीस. यंत्रातलं तिला किती कळलं ठाऊक नाही. शेवटी म्हणाले, "मावशी, मास्तर चुकले नव्हते. तुझं पाणी मी तोडलं. उद्या सभेत सगळ्यांसमोर सांगणार आहे."

ती कठड्यावर बसली. नजर विहिरीत लावली.

"मास्तरला सांगितलं हुतंस का ह्ये?"

"नाही."

"जित्तेपनी?"

"नाही, मावशी."

ती पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं आता शिव्या घालेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती विहिरीकडं बघतच म्हणाली, "मी त्याच्या मातीला बी गेले न्हाई गं." आणि उठून म्हशींच्या मागं निघून गेली.

मी लिंबाखाली बसून राहिले, तुम्ही बसायचात तशी. ऊन डोक्यावर आलं तरी ती परतली नाही. मी वही उघडून ऑगस्टचं पान आखलं, पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. सत्तेचाळीस लिहिलेलं नाही. तिनं अजून व्हय म्हटलेलं नाही.